फरमा

सदर बझारातल्या आमच्या दुकानात
पायांचे फरमे रांगेनं टांगलेत,
पाच नंबरपासून अकरापर्यंत.
एक फरमा पायाचा नाही.
शिलाई मशीनच्या डाव्या पायाखाली तो आडवा असतो.
गिऱ्हाईक वाकतं, बघतं, दचकतं,
मग हसतं.

शिसवी लाकडाचं रिव्हॉल्व्हर.
नळी, घोडा, सहा गोळ्यांचं फुगीर पोट,
मुठीच्या टोकाला दोरी ओवायची कडी, तीही लाकडीच.
लहानपणी मी ती दातांत धरून मोडली.

रिसालदार विठोजी निकम पेन्शनीत आले
ते रीतसर परवान्याचं विलायती हत्यार घेऊन.
खोळ शिवायला आप्पाला गावी बोलावलं.
आप्पा म्हणाला, दोन दिवस माझ्याकडं ऱ्हाऊ द्या,
कातडं भिजवून वर चढवायचं,
वाळेपर्यंत हत्यार आतच पायजे,
नाहीतर अंगासारखं बसत नाही.
रिसालदार म्हणाले, हत्यार सोडता येत नाही गणपा,
कायदा आहे.

कायदा होता. खरंच होता.
त्याच अंगणात आप्पाच्या ओंजळीत
पाणी वरून ओतलं,
ते कुठल्या कलमाखाली, हे त्यानं विचारलं नाही.

मग दिगू सुतार ओसरीवर बसला,
समोरचं बघून बघून लाकडात उतरवत.
आप्पा पायरीखालून बघत राहिला,
घोड्याचा बाक, नळीवरची माशी.
हात लावला तो लाकडाला.

बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं,
मेणाचा दोहेरी दोरा, पितळी बटण.
बैलाच्या शिंगानं असं घोटलं
की बाहेरून बोट फिरवलं तरी
सहाच्या सहा घरं मोजता यावीत.
रिसालदारांनी हत्यार आत सारलं, हलवलं.
ढिलं बसतंय रे.
दिगूचा हात एक सूत जाड गेला होता.
फ्लॅनेलचा तुकडा कोंबून भागवलं.

निवडणूक आली, आचारसंहिता लागली
की हत्यार ठाण्यात जमा, पावती खिशात.
खोळ मात्र जमा करून घ्यायची तरतूद नव्हती.
त्या महिन्यातही रिसालदार पोवई नाक्यावर यायचे
रिकामी खोळ कमरेला, बटण लावलेलं,
आणि लोक तेवढेच बिचकायचे.

एकदा पट्ट्याला नवं भोक पाडून घेताना
(पोट आत गेलं होतं त्यांचं)
आप्पाला हळूच म्हणाले,
कंपनीनं हे बनवायचंच बंद केलंय गणपा,
गोळी मिळत नाही. बारा वर्षं झाली.
आप्पानं भोक पाडलं. आरी पुसली.
कुणाला सांगितलं नाही,
मला सांगितलं, तेही रिसालदार गेल्यावर.
ते गेले तेव्हाही हत्यार ठाण्यातच होतं,
कुठल्याशा पोटनिवडणुकीपासून.
सोडवायला कुणी गेलं नाही.

परवा नातू आला, रणधीर.
खोळीची खालची शिवण उसवलेली.
काचेत बसवून हॉलमध्ये लावायचीय म्हणाला.
मी जुन्याच भोकांतून नवा दोरा घातला.
आकार धरावा म्हणून मशीनखालचा फरमा काढला,
फुंकला, आत सारला.
कातड्यानं आवाज केला.
सुस्कारा म्हणू नका, आतली हवा निघाली एवढंच.
एक सूतही फट नाही.

तो बघतच राहिला.
हे यातच राहू द्या की, म्हणाला,
रिकामं बरं दिसत नाही.
काय घ्याल?

माझ्या तोंडून निघून गेलं,
हत्यार सोडता येत नाही.
कायदा आहे.

त्याला विनोद वाटला. मोठ्यानं हसला,
शिलाईचे ऐंशी रुपये फोनवरून टाकले
आणि रिकामी खोळ
काखेत धरून गेला.

फरमा परत सारला जागेवर.
मशीन डुगडुगायचं थांबलं.
पुढचं गिऱ्हाईक आठ नंबरचं,
टाचेला घासतंय म्हणत होतं.